गुडघा तपासला खरा, पण सरांना सांगू काय?

पत्र असं आलंय, थोडं कापून देते:

"मॅडम, मी एमबीबीएसच्या थर्ड मेजरला, म्हणजे शेवटच्या वर्षाला आहे, सरकारी कॉलेज, सध्या ऑर्थोची पोस्टिंग चालूये. परवा वॉर्डात एका आजींचा गुडघा तपासला. आदल्या रात्री व्हिडिओ बघून लॅकमन, मॅकमरे, ड्रॉवर, गुडघ्याच्या सगळ्या टेस्ट पाठ केलेल्या आणि सगळं केलं पण. सरांसमोर उभी राहिले तर सरांनी फक्त एवढंच विचारलं, फ्लेक्शन (गुडघा वाकतो तो कोन) किती? मी म्हणाले, नॉर्मल सर. नॉर्मल म्हणजे किती? बोलतीच बंद. मग म्हणाले, हिप (खुबा) बघितलंस? बघितलं नव्हतं, पण तोंडातून 'हो सर, एनएडी' निघून गेलं. सर काहीच बोलले नाहीत आणि तेच जास्त लागलंय. अजून एक, आजी लुगड्यात होत्या, लुगडं वर घ्या म्हणायची लाज वाटली म्हणून दिसलं तेवढंच बघितलं. पुरुष पेशंट असला तर अजूनच अवघड. मला हे जमेल का? आणि गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) विकत घेऊ का? — हात थरथरणारी"

अगं हात थरथरणारे,

आधी त्या 'एनएडी'चं बोलू कारण तुझी झोप त्यानेच उडवलीये, फ्लेक्शनने नाही. आमच्या वेळी सीनियर्स हसत हसत सांगायचे, एनएडी म्हणजे 'नो ॲबनॉर्मॅलिटी डिटेक्टेड' हे पुस्तकातलं, वॉर्डातलं खरं म्हणजे 'नॉट ॲक्च्युअली डन'. मी पण हसायचे. मग मी स्वतः तेच केलं. चाळिशीतला एक रिक्षावाला, उजवा गुडघा चार महिने दुखतोय, मी गुडघा अगदी मन लावून तपासला, काहीच सापडेना, पाणी नाही, सूज नाही, जॉइंट लाइन (दोन हाडांमधली सांध्याची रेघ) दुखत नाही, लिगामेंट सगळी घट्ट. आणि केस पेपरवर खाली ठोकून दिलं, 'हिप आणि अँकल एनएडी'. हिपला मी बोट पण लावलं नव्हतं. राउंडला सरांनी पेपर वाचला, मान हलवली, आणि त्याचा गुडघा नव्वदला वाकवून पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेलं, म्हणजे हिपचं इंटर्नल रोटेशन, बाकी काही नाही. दहाएक अंश गेलं असेल आणि तो माणूस पलंगावरून अर्धा उठला. एक्स-रेत फिमरचं, म्हणजे मांडीच्या हाडाचं डोकं बसलेलं होतं, एव्हीएन, रक्तपुरवठा तुटून हाड मरतं तो आजार. त्याचे गुडघ्याचे दोन एक्स-रे होऊन गेले होते, गुडघ्यात इंजेक्शन होऊन गेलं होतं, गुडघ्याला पट्टा होता, आणि आजार वीतभर वर बसलेला.

हे घाबरवायला सांगत नाहीये. हिपचं दुखणं गुडघ्यात जाणवतं कारण दोन्ही सांध्यांना पुरवठा करणाऱ्या नर्व्ह त्याच आहेत, ऑब्ट्युरेटर घे, फीमोरल घे. म्हणून गुडघा दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाचं हिप फिरवून बघायचंच, आणि लहान पोरगं लंगडत आलं आणि गुडघ्याला हात लावून 'इथं दुखतं' म्हणालं तर अजूनच बघायचं, पर्थीस (लहान मुलांच्या खुब्याचा आजार) किंवा एपिफिसिस (हाडाचं वाढतं टोक) सरकलेलं असं गुडघ्याचं सोंग घेऊन येतं. अर्धं मिनिट लागतं याला.

आणि नाही केलं तर सांगायचं, 'सर, हिप बघायचं राहिलं.' बस. परीक्षेत याने फार तर थोडे मार्क जातात आणि बरेच एक्झामिनर म्हणतात, जा, बघून ये. 'एनएडी' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, इंटर्नल रोटेशन किती मिळालं? आणि तिथून तुझी गाडी घाटातून मागे यायला लागते. सर काही बोलले नाहीत म्हणतेस ना, त्यांना कळलंय गं, दिवसाला अशी दहा एनएडी ऐकतात ते. उद्या जाऊन त्या आजींचं हिप बघ आणि सरांना सांग की परवा बघितलं नव्हतं, आज बघितलं, हे हे मिळालं. वाटतं तेवढं अवघड नाहीये. मी सांगितलं होतं, रिक्षावाल्याच्या वेळी, फक्त उशिरा.

आता तपासणीचं. तुझा घोळ मला असा दिसतो की तू टेस्टची नावं पाठ केलीस आणि नावंच केलीस, आजी राहिल्या. ॲप्ली नावाचे एक इंग्रज ऑर्थोपेडिक सर्जन होऊन गेले, त्यांचा 'बघा, हात लावा, हलवा' हा क्रम जगभर चालतो, आपल्याकडे त्यात मोजमाप आणि स्पेशल टेस्ट अशी शेपटी जोडून इन्स्पेक्शन, पाल्पेशन, मूव्हमेंट्स, मेजरमेंट्स असं जर्नलमध्ये लिहितात. क्रम का पाळायचा तर हाताने ज्या क्रमाने केलंस त्याच क्रमाने तोंडाने सांगता येतं, सरांसमोर आठवावं लागत नाही, हात आठवण करून देतात. तुझं उलटं झालं, हाताने लॅकमनपासून सुरुवात केली आणि सांगताना इन्स्पेक्शनपासून सुरुवात करायला गेलीस, तर सांगायला होतंच काय?

बघणं हे आजी पलंगावर पडल्यावर सुरू होत नाही, त्या उठतात तेव्हा सुरू होतं. पलंगावरून उतरताना हात टेकतात का, पहिली चार पावलं अडखळतात का मग सुटतात, काठी कुठल्या हातात, चालताना गुडघा बाहेरच्या बाजूला झटका मारतो का. उभं करून पुढून बघ, बाजूने बघ, मागून बघ. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेत का हे झोपलेल्या माणसात निम्मंच दिसतं, वजन पडलं की दिसतं. मागून बघितलं तरच गुडघ्याच्या खोबणीतली बेकर्स सिस्ट, पाण्याची गाठ, दिसते. मग झोपवून मांडीचे स्नायू दोन्ही बाजूंचे बघ, दुखऱ्या गुडघ्याच्या वर क्वाड्रिसेप्स (मांडीचा पुढचा स्नायू) वाळतो, त्याचा आतला भाग, व्हीएमओ, तर फारच लवकर. टेपने मोजायचं, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंमी वर खूण कर, दोन्ही मांड्यांवर सारखीच, आणि घेर घे. 'वेस्टिंग प्रेझेंट' म्हणण्यापेक्षा 'उजवी मांडी २ सेंमीने कमी' म्हटलं की सर मान वर करतात.

आणि हे सगळं लुगड्याच्या आतून कसं दिसणार? लाज वाटते हे अगदी खरं आहे, मला पण वाटायची, पण लाज तुझी आहे, आजींना विचारलंस का? आजींना नीट सांगितलं तर त्या तुझ्यापेक्षा बिनधास्त असतात. 'आजी, दोन्ही गुडघे मांडीपासून बघायचेत, दुखरा आणि चांगला दोन्ही, पडदा ओढते, मावशींना उभं करते, चालेल का?' एवढं म्हण आणि थांब, उत्तर येऊ दे. दुखराच उघडलास तर तुलना कशाशी करणार? नऊवारी कासोट्याची असेल तर गुडघ्यापर्यंत वर जाते, पण हिपसाठी नाही जात, तेव्हा सिस्टरकडून चादर माग. पुरुष पेशंटसाठी एकटी जाऊच नको, बॅचमेटला बरोबर घे, चादर दे, आत चड्डी आहे ना हे सरळ आवाजात विचार, पडदा लाव, तो आवरेपर्यंत बाहेर थांब. तू अवघडलेली दिसलीस की तो दुप्पट अवघडतो, आणि तू नळ दुरुस्त करायला आल्यासारखी कामाला लागलीस की त्याला काही वाटत नाही. मुलांनाही हेच लागू आहे बरं का, उलट जास्त, बाई पेशंट असेल तर सिस्टर किंवा मावशी हजर असल्याशिवाय सुरूच करायचं नाही. पेशंट नको म्हणाला तर नको. शिकाऊ डॉक्टरला नाही म्हणायचा त्याला हक्क आहे, दुसरा पेशंट शोध.

हात लावायच्या आधी विचार, एका बोटाने दाखवा कुठे दुखतं, आणि ती जागा सगळ्यात शेवटी. आधीच तिथे दाबलंस की पुढची दहा मिनिटं सगळे स्नायू ताठ आणि तुला काहीच खरं मिळणार नाही. हात गरम कर, नखं कापलेली हवीत, आणि डोळे गुडघ्यावर नाही, चेहऱ्यावर. तोंडाने 'नाही दुखत गं बाळा' म्हणतात आणि भुवई वर जाते.

गरम आहे का ते हाताच्या मागच्या बाजूने, दोन्ही गुडघे. पाणी आहे का बघायला दोन पद्धती आहेत आणि कुठली कधी हे व्हिडिओत सांगत नाहीत. पाणी थोडं असेल तर पटेलर टॅप लागतच नाही, तिथे आतल्या बाजूने वर सारून बाहेरून हात फिरवायचा आणि आतल्या खळग्यात फुगा येतो का बघायचं, हाच बल्ज. मध्यम असेल तर टॅप, एका हाताने वरची पिशवी रिकामी करून वाटी खाली दाबली की खट्कन टेकते. आणि खूपच भरलेला गुडघा, तट्ट, त्यात पण टॅप लागत नाही कारण वाटीला खाली जायला जागाच नसते. म्हणून 'टॅप निगेटिव्ह' म्हणजे 'पाणी नाही' असं होत नाही. मग गुडघा नव्वदला वाकवून जॉइंट लाइन, एका बोटाने, पुढून मागे, आधी बाहेरची मग आतली. सांगताना 'टेंडरनेस प्रेझेंट' नाही म्हणायचं, 'आतल्या जॉइंट लाइनवर, पुढच्या भागात' म्हणायचं. बोट जिथे होतं ती जागा सांग.

आता फ्लेक्शन किती. निरोगी गुडघा साधारण ० ते १३५-१४०, आपल्याकडचे उकिडवं बसणारे लोक त्याच्याही पुढे जातात, टाच कुल्ल्याला टेकते. आधी त्यांना स्वतः वाकवायला सांग, मग तू वाकव, कारण फरकातच अर्धं निदान असतं. स्वतः सरळ करता येत नाही पण तू केलंस तर पूर्ण सरळ होतो, म्हणजे एक्स्टेन्सर लॅग, दोष क्वाड्रिसेप्सचा किंवा वाटी-टेंडनचा. तू केलंस तरी सरळ होत नाही, खाली हाताचा पंजा जाईल एवढी फट राहते, ते फिक्स्ड फ्लेक्शन. हे दोन एकमेकांच्या जागी सांगितलेस तर सर नक्की पकडणार. आणि १५ अंशांचं फिक्स्ड फ्लेक्शन असेल तर रेंज '० ते १०५' असं कधीच लिहायचं नाही, शून्य आहेच कुठे तिथे? '१५ ते १०५' लिहायचं, वाचणाऱ्याला एका ओळीत सगळं कळतं.

स्पेशल टेस्टबद्दल माझं मत जरा तिखट आहे. सत्तरीच्या आजी, दोन्ही पाय वाकडे, दोन-चार वर्षं दुखतंय, आणि तू त्यांना मॅकमरे करतेस? झिजलेल्या गुडघ्याला पिळलं तर दुखणारच, त्यातून मेनिस्कसबद्दल (गुडघ्यातली गादी) काय कळलं? स्पेशल टेस्ट प्रश्न विचारायला असतात, प्रश्न नसेल तर टेस्ट नको. तोच कबड्डी खेळणारा बावीस वर्षांचा पोरगा असेल, पाय रोवला, अंग फिरलं, खट् आवाज आला आणि तासा-दोन तासात गुडघा टम्म फुगला म्हणतोय, तर लॅकमन पहिली टेस्ट, गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट, एसीएल, बघायला, २० ते ३० अंशांवर, मांडी एका हातात पिंढरी दुसऱ्या हातात, किती सरकतं आणि शेवटी दोरी ताणल्यासारखा ठोस थांबा लागतो की नुसतं मऊ मऊ जातं. तुझे हात लहान असतील आणि मांडी जाड असेल तर तुझा स्वतःचा गुडघा त्याच्या मांडीखाली ठेव, मी तसंच करते. आणि ड्रॉवर करायच्या आधी बाजूने वाकून बघ की टिबिया (नडगीचं हाड) आधीच मागे पडलेली नाही ना. पीसीएल, मागचं लिगामेंट, तुटलेली असेल तर टिबिया मागून पुढे जागेवर येते आणि तुला वाटतं एसीएल गेली. मग जे मिळालं ते सांग, 'लॅकमन पॉझिटिव्ह' एवढंच नको. 'डावीकडे टिबिया उजव्यापेक्षा जास्त पुढे सरकते, एंड पॉइंट मऊ', मग नाव.

हे नावाचं प्रकरण सगळीकडे आहे. पाठीचा पेशंट, झोपवून पाय सरळ वर उचलायची टेस्ट, 'एसएलआर पॉझिटिव्ह'. कुठे दुखलं? मांडीच्या मागे ताण बसला, एवढंच? ते माझंही होईल, सकाळी उठल्या उठल्या कर हवं तर. '४० अंशांवर उजव्या पायात कळ मांडीच्या मागून पिंढरीत आणि पावलापर्यंत गेली' हे सांगितलंस तर कुणी 'पॉझिटिव्ह का निगेटिव्ह' विचारणारच नाही. पाठीच्या पेशंटला लघवी कळते का, अडते का, बसायच्या जागेला बधिरपणा आहे का हे विचारायला पण लाजायचं नाही, आणि संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, मणक्यावर हात फिरवताना लागणारा उंचवटा, आपल्याकडे टीबी विसरून चालत नाही.

हिपमध्ये दोन गोष्टींवर सगळी बॅच दरवर्षी आपटते. एक ट्रेंडेलेनबर्ग, एका पायावर उभं करून हिपच्या बाजूचे स्नायू बघायची, १८९५ सालापासून चालत आलेली टेस्ट आणि तेव्हापासून विद्यार्थी उलटंच सांगत असावेत. ज्या पायावर उभं केलंस तो आजारी, आणि कंबर खाली जाते ती दुसऱ्या, चांगल्या बाजूची. अर्धं मिनिट उभं ठेव, पाच सेकंदात सोडलंस तर थकणारा स्नायू सापडत नाही. दुसरी थॉमस, हिप पूर्ण सरळ होतं का हे बघायची. हा ह्यू ओवेन थॉमस लिव्हरपूलचा, बाप हाडं बसवणारा, म्हणजे आपल्याकडच्या हाडवैद्यासारखाच, त्यामुळे 'हाडवैद्याकडे जाऊन आलो' म्हणणाऱ्या पेशंटसमोर तोंड वाकडं करू नको, कशाने काय बांधलं होतं आणि किती दिवस हे विचार, ती हिस्टरी आहे. तर थॉमसमध्ये चांगला पाय पोटाशी घेताना एक हात कमरेखाली ठेव, कमरेची पोकळी भरली, हातावर कंबर टेकली की तिथेच थांबायचं. अजून ओढलंस की पूर्ण कंबरच गुंडाळली जाते आणि नसलेली डिफॉर्मिटी तयार होते. पायाची लांबी मोजायची तर एएसआयएसपासून (कमरेच्या हाडाचं पुढचं टोक) आतल्या घोट्यापर्यंत, आणि एक पाय आत वळलेला असेल तर दुसराही तेवढाच आत ठेवून, नाहीतर टेप खोटं बोलते.

मोडलेल्या हाडाच्या पेशंटला वेगळा नियम. तिथे हलवा वगैरे काही नाही, मोडलेलं हाड कुरकुरतं का हे मुद्दाम हलवून बघायचं नाही, 'हलवून बघच' असा हट्ट धरणारं जुनं कुणी भेटलं तर नम्रपणे मान हलव आणि करू नको. तिथे खालची बोटं बघायची. झाडावरून पडून कोपराच्या वर हाड मोडलेल्या पोराला नर्व्ह कशी तपासणार, ते रडतंय. ठेंगा दाखव म्हणायचं, रेडियल. 'झकास'ची खूण, अंगठा आणि पहिलं बोट गोल, पण टोकाची पेरं वाकवून, मीडियनची फांदी. बोटं फाकव, अल्नर. तीन खेळ, तीन नर्व्ह. मग पल्स, नखाला दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो, आणि बोटं हळूच सरळ करताना किंचाळतं का. शेवटचं महत्त्वाचं, कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये (स्नायूंच्या कप्प्यात सुजेने दाब वाढतो तो) पल्स लागत असते, पल्स आहे म्हणून निवांत बसायचं नाही. आणि लिहिताना वेळ घाल, किती वाजता बघितलं, प्लास्टरच्या आधी का नंतर. प्लास्टरनंतर मनगट पडलं आणि आधीची नोंद नसली तर ते कशाने झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

पेशंटची भाषा पण शीक, इंग्लिशमध्ये हिस्टरी पाठ केलीये ना तुम्ही लोकांनी, 'मॉर्निंग स्टिफनेस आहे का' असं विचारणारा इंटर्न मी ऐकलाय, आजोबा म्हणाले हो देवाच्या कृपेने आहे. 'सकाळी मूठ वळते का? अंग आखडलेलं कधी सैल होतं, चहा होईपर्यंत की दहा वाजतात?' चहापर्यंत सुटलं तर झीज, दहा वाजत असतील तर वाताचा आजार शोध. 'मणक्यात गॅप आलाय' म्हणजे कुणीतरी एक्स-रे बघून काहीतरी सांगितलंय. 'शीर दबली', 'गादी सरकली', 'उसण भरली', 'चमक निघते', 'ठणका लागतो' प्रत्येकाचा अर्थ विचारून घे, गृहीत धरू नको. 'मुंग्या येतात' म्हणाले तर कुठल्या बोटांना ते मोजून घे. आणि मांडी घालून बसता येतं का, उकिडवं बसता येतं का, जिना चढताना दुखतं की उतरताना, संडास कुठल्या प्रकारचा आहे घरी. पुस्तकातल्या स्कोअरमध्ये हे नसतं बऱ्याचदा, पण आजींसाठी आजार म्हणजे हेच आहे, की देवघरासमोर खाली बसता येईना.

मेडिसिनच्या वॉर्डात वेळ नसेल तेव्हा ब्रिटिशांनी १९९२ साली छापलेली जीएएलएस नावाची झटपट तपासणी आहे, चाल, हात, पाय, मणका, त्यात आधी तीनच प्रश्न. सांधे-स्नायू-पाठ कुठे दुखतं-आखडतं का, कपडे स्वतःचे स्वतः घालता येतात का, जिना चढता-उतरता येतो का. तिन्ही ठीक असतील तर भरवशाने पुढे जाता येतं. 'एमएसके (हाडं-सांधे-स्नायू) एनएडी' लिहायची खाज येते ना, तेव्हा निदान एवढं करून लिहा.

आता तुझ्या आजी परत घेऊ. प्रेझेंटेशन इंग्लिशमध्येच करावं लागतं, पण मी मराठीत लिहिते, तू मनात आधी असंच बोल, इंग्लिश नंतर आपोआप येतं. (आजींचे आकडे मी मनाने घातलेत, तुझे तू मोजून घाल.)

'सर, ६८ वर्षांच्या बाई, शेतमजुरी करायच्या, आता घरकाम. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त, तीन वर्षं. सहा महिन्यांपासून मांडी घालून बसता येत नाही, जिना एकेक पायरीने, काठी डाव्या हातात. काठी घेऊन चालतात, उजव्या पायावर कमी वेळ थांबतात. उभं केल्यावर दोन्ही गुडघे बाहेर वाकलेले, उजवा जास्त. उजवी मांडी दीड सेंमीने बारीक. कातडी ठीक, जखमेचा व्रण नाही. गरम नाही. थोडं पाणी, बल्ज लागतो, टॅप नाही. आतल्या जॉइंट लाइनवर दुखतं. उजवा गुडघा १० ते १०५, डावा ० ते १२५, हलवताना करकर, लॅग नाही. ३० अंशांवर साइडवेज ताण दिला तर आतली बाजू थोडी उघडते पण शेवट ठोस आहे. दोन्ही हिपचं रोटेशन पूर्ण आणि न दुखता. पायाच्या पल्स लागतात, पावलाची हालचाल आणि संवेदना ठीक. मॅकमरे केली नाही सर, या वयात आणि या गुडघ्यात उपयोग वाटला नाही.'

दीड मिनिट होतं बघ हे. शेवटचं वाक्य म्हणायला छाती लागते पण म्हण, का नाही केली हे सांगता येणं हे केल्यापेक्षा बरं. आणि निदान आधी टाकू नको, 'ऑस्टिओआर्थ्रायटिसचा गुडघा आहे सर' असं सुरुवातीलाच म्हटलंस तर सगळं त्या चष्म्यातून ऐकलं जातं, सर विचारल्यावर सांग. रेसिडेंटच्या पेपरवरून उतरवून घ्यायचं नाही हे तुला माहीतच आहे, पण एक गंमत सांगते, त्या पेपरवर पण कधी कधी दोन दिवसांपूर्वी आधीच्या रेसिडेंटकडून उतरवलेलं असतं, असं तीन पिढ्या चालतं आणि डावा गुडघा उजवा होऊन बसतो. बाजू मात्र पेशंटलाच विचार, प्रत्येक वेळी.

जमेल का म्हणतेस. पहिले तीस गुडघे नुसते सरावाचे असतात, तीसनंतर हाताला फरक कळायला लागतो. त्यातले दहा निरोगी असू दे, रूममेटचे, भावाचे, आईचे. नॉर्मल लॅकमन किती सरकते हे हाताला माहीत नसेल तर पॉझिटिव्ह कशी कळणार? मी हॉस्टेलमध्ये एका मैत्रिणीचे गुडघे इतके ओढले की ती लांबून मला बघून पाय जवळ घ्यायची.

गोनिओमीटर घे, साधा प्लॅस्टिकचा पारदर्शक घे, महागाचा नको. मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक पट्टी खुब्याच्या हाडाकडे, दुसरी बाहेरच्या घोट्याकडे. पण लावायच्या आधी दर वेळी नजरेने अंदाज बोल, नव्वद म्हणजे काटकोन, त्याच्या निम्मं पंचेचाळीस, तिथून पुढे-मागे, मग लाव आणि किती चुकलीस बघ. दोन-तीन आठवड्यांत चूक दहा अंशांच्या आत येते, परीक्षेत तो खिशात आहे का हेसुद्धा आठवत नाही. टेप शिंप्याची चालते, फक्त ताणली जाणारी घेऊ नको, आणि ती मऊ पडायला लागली की बदल. मी एकदा त्या ताणलेल्या टेपने एका आजोबांचा पाय सव्वा सेंमी आखूड करून ठेवला होता.